शिडी किती उंच हवी?

मुंबई-गोवा महामार्गावर, कणकवलीच्या उत्तरेस तळेरे हे गाव आहे. येथून एक रस्ता विजयदुर्गाकडे उतरतो, तर दुसरा वैभववाडीवरून करूळ घाट चढून गगनबावडा व पुढे कोल्हापूरला जातो. मध्यंतरी तेथे एका शाळेत विज्ञानाच्या कार्यक्रमासाठी गेलो होतो. बोलता बोलता मुंबईच्या अग्निशमन दलाकडील ९० मीटर उंचीपर्यंत पोहोचणाऱ्या शिडीच्या बंबाचा उल्लेख झाला. नववीतल्या एका मुलाने लगेच विचारले, "सर, मगे आमच्याकडे तसलो कित्याक घेणत नाय?" वर्ग हसला. मला मात्र चटकन उत्तर देता आले नाही. ते शोधताना शिडीच्या इतिहासात शिरावे लागले.

रस्त्याने घडवलेली शिडी

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनचे अग्निशामक दल विमा कंपन्यांच्या पैशावर चालत असे. साहजिकच त्याचे पहिले लक्ष मालमत्तेकडे असे. वरच्या मजल्यावर अडकलेल्या माणसांसाठी वेगळी धर्मादाय संस्था निघाली. तिच्यासाठी अब्राहम वायव्हेल याने १८३६ च्या सुमारास चाकांवरची शिडी तयार केली. वायव्हेल हा व्यवसायाने व्यक्तिचित्रकार! अशा शिड्या रात्री शहरात ठिकठिकाणी उभ्या करून ठेवीत, कारण एकच मोठी शिडी दूर ठेवली, तर ती वेळेवर पोहोचत नसे. शिडी निवडताना तिच्या उंचीइतकाच तिला लागणारा वेळ महत्त्वाचा असतो, हे तेव्हाच उमगले होते.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या अग्निशामक दलातील डॅनियल हेज याने १८६८ मध्ये गाडीवरच बसवलेल्या, यंत्राने उभ्या होणाऱ्या लाकडी शिडीचे पेटंट घेतले. ती सुमारे २६ मीटर उंच जाई. मग अधिक उंचीची ओढ लागली. सप्टेंबर १८७५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जवळजवळ ३० मीटर उंचीच्या एका नव्या शिडीचे प्रात्यक्षिक चालू असताना ती मोडली आणि वर चढलेल्यांपैकी तीन जवान ठार झाले. आग नव्हती, धूर नव्हता. शिडीच्या उंचीने मोजलेली ही किंमत होती.

याच काळात जर्मनीतील उल्म गावी कोनराड मॅगिरुस याने भिंतीचा आधार न घेता उभी राहणारी चाकांची शिडी बनवली (१८७२). त्याच्या कारखान्याने १८९२ मध्ये तबकडीवर फिरणारी, घोड्यांनी ओढायची शिडी काढली. १९१६ पर्यंत वाहनाच्याच इंजिनाने शिडी उभी करणे, फिरवणे व लांबवणे ही तिन्ही कामे होऊ लागली. आजची टर्नटेबल शिडी ही तिचीच वंशज होय. १९५८ मध्ये शिकागोचे अग्निशामक आयुक्त रॉबर्ट क्विन यांनी वेगळी वाट धरली. झाडांच्या फांद्या छाटण्यासाठी वापरतात तसा, सांध्यात दुमडणारा हात व टोकाला पिंजरा असलेला बंब त्यांनी तयार करवून घेतला. आपल्याकडे ज्याला हायड्रॉलिक प्लॅटफॉर्म म्हणतात तो हाच.

मुंबईचा धडा

मुंबईत १८०३ साली किल्ल्याच्या भागात मोठी आग लागली होती. आग विझवण्याचे काम पुढे बराच काळ पोलिसांकडे होते. १८८८ च्या महापालिका कायद्यानंतर ते महापालिकेकडे आले. शहर वर वाढत गेले, तशा शिड्याही वाढल्या. २०१५ मध्ये फिनलंडमध्ये बनलेला ९० मीटरचा प्लॅटफॉर्म मुंबईत दाखल झाला. पण त्याच वर्षी, ९ मे रोजी, काळबादेवीतील गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली आणि ती कोसळली. प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह दलाचे चार अधिकारी या दुर्घटनेत गेले. ती इमारत काही गगनचुंबी नव्हती. तेथे शिडीची उंची हा प्रश्नच नव्हता.

त्रिकोण आणि तराजू

समजा, खिडकी १५ मीटर उंचीवर आहे आणि बंब भिंतीपासून ६ मीटरवर उभा आहे. पायथागोरसच्या प्रमेयाने शिडीची लांबी १६.२ मीटर येते. आता इमारतीपुढे मोटारी उभ्या असल्याने बंब १५ मीटरवरच थांबला, तर त्याच खिडकीसाठी २१.२ मीटर लांबी लागते. नुसत्या उंचीवर शिडी निवडली, तर अशी फसगत होते.

दुसरा प्रश्न तोलाचा. हिशेबासाठी सोपे आकडे घेऊ. बंबाचे वजन १४ टन, शिडीचे २ टन. शिडीचा गुरुत्वमध्य तबकडीच्या केंद्रापासून आडवा ७ मीटरवर. टोकाला, १५ मीटरवर, २०० किलो भार. बाजूचे आधारपाय पूर्ण पसरले, तर बंब केंद्रापासून अडीच मीटरवरच्या रेषेभोवती उलटू पाहील. त्याला सावरणारे बलघूर्ण १४ × २.५ = ३५ टन-मीटर, तर उलटवणारे २ × ४.५ + ०.२ × १२.५ = ११.५ टन-मीटर. तिप्पट सुरक्षितता! पण गल्ली अरुंद असल्याने आधारपाय पसरताच आले नाहीत, तर ती रेषा केंद्रापासून १.२ मीटरवर येते. मग सावरणारे १६.८ आणि उलटवणारे सुमारे १४.४. बंब जेमतेम तोल राखील. म्हणूनच राष्ट्रीय इमारत संहिता उंच इमारतीभोवती ६ मीटर रुंदीची, ४५ टनांचा बंब पेलणारी टणक जागा मागते. तेथे फुलझाडांचे वाफे केले, तर बंबाला उभे राहायला जागाच उरत नाही.

मग तळेऱ्याने काय घ्यावे?

हीच संहिता १५ मीटर व त्याहून अधिक उंचीच्या इमारतीला उंच इमारत मानते. दोन-तीन मजल्यांच्या बाजारपेठेला लहान बंबावरून आणता येणारी, हातांनी लांबवायची शिडी पुरते. कोकणातल्या आगी तरी कोणत्या? उन्हाळ्यात काजू-आंब्याच्या बागेत शिरलेला वणवा, गवताची उडवी, दुकानातला गॅसचा सिलिंडर, महामार्गावर उलटलेला टँकर. येथे हवे पाणी, फेस आणि चिऱ्यांच्या गडग्यांमधल्या चिंचोळ्या वाटेने आत जाणारे वाहन. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला गेल्यावर पाणी कोठून भरायचे, हे आधी ठरलेले असणे शिडीहून मोलाचे आहे.

पुढे उंच इमारती आल्याच, तर मोठी शिडी अनेक गावांत मिळून एक ठेवता येईल. जून २०१७ मध्ये लंडनचा २४ मजली ग्रेनफेल टॉवर पेटला, तेव्हा लंडनसारख्या शहरालाही शेजारच्या सरे परगण्याकडून ४२ मीटरची शिडी मागवावी लागली होती. त्या आगीत ७२ माणसे मेली. नंतर लंडनने ६४ मीटरच्या शिड्या घेतल्या. पण ग्रेनफेल टॉवरची आग भडकली ती बाहेरच्या भिंतींना लावलेल्या ज्वलनशील आवरणामुळे, हेही विसरता येत नाही. मागवलेली शिडी यायला वेळ लागणारच. ताशी ४० किलोमीटर वेगाने २० किलोमीटर यायला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात माणसे वाचतात ती इमारतीच्या मोकळ्या जिन्याने. तो जिना सायकली, पोती आणि जुनी कपाटे यांनी अडलेला असेल, तर कितीही लांब शिडी उशिराच पोहोचेल.

त्या मुलाला मी एवढेच कळवले, की शिडी निवडण्यापूर्वी गाव मोजावे. हे काम शाळा करू शकते. मीटरपट्टी घेऊन आपल्या शाळेचे फाटक, समोरच्या रस्त्याची सर्वात अरुंद जागा आणि जिन्याची मोकळी रुंदी मोजा. सावलीवरून इमारतीची उंची काढा. जवळच्या बंबाचे अंतर विचारून घ्या आणि त्याला लागणारा वेळ काढा. हा तक्ता वर्गात लावा, आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीलाही द्या.