बारा वर्षांची कादंबरी आणि ऐकणारा एक मित्र

आजचा भाग अर्धवट कादंबरी घेऊन बसलेल्यांसाठी. त्यात मीही आलोच. माझी गाडी सहाव्या प्रकरणावर अडकलीय.

गोष्ट ऑक्सफर्डची. सप्टेंबर १९३७ मध्ये प्राध्यापक जे. आर. आर. टॉल्किन यांचं ‘द हॉबिट’ आलं आणि गाजलं. प्रकाशकाला पुढचं पुस्तक हवं होतं. डिसेंबरमध्ये टॉल्किननी लिहायला घेतलं. ते ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’. पूर्ण व्हायला १९४९ उजाडलं. बारा वर्षं!

मध्ये महायुद्ध होतं, शिकवणं होतं, कागदाची टंचाई होती. शिवाय स्वभाव असा, की लिहिलेलं पुन्हा पुन्हा लिहायचं. पात्रं मोरियाच्या खाणीत एका थडग्यापाशी पोचली, आणि लेखन कितीतरी महिने तिथंच थांबलं.

मग हे तडीस गेलं कसं?

गुरुवारी रात्री मॉडलिन कॉलेजात, सी. एस. लुईस यांच्या खोलीवर मित्र जमायचे. मंडळाचं नाव ‘इंकलिंग्ज’. ना नियम, ना वर्गणी. कुणीतरी हस्तलिखित काढायचं आणि मोठ्यानं वाचायचं. सगळेच खूश व्हायचे असंही नाही. ह्यूगो डायसनना टॉल्किनचं हे वाचन नकोसं व्हायचं.

मला वाटायचं, लुईसनी भरपूर दुरुस्त्या सुचवल्या असणार. पण टॉल्किननी पुढे एका पत्रात वेगळंच सांगितलं. लुईसचं न फिटणारं ऋण आहे ते प्रभावाचं नाही, निव्वळ प्रोत्साहनाचं. कारण बराच काळ तोच त्यांचा एकमेव श्रोता होता.

१९४४ चंच बघा. लेखन पुन्हा ठप्प होतं. लुईस मागे लागले, आणि एप्रिलमध्ये टॉल्किन परत लिहायला बसले. नवी प्रकरणं लुईसना वाचून दाखवली जायची, आणि हवाई दलात भरती होऊन दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या मुलाला, ख्रिस्तोफरला, टपालानं जायची. म्हणजे वाट पाहणारे दोघं झाले!

मला यातून एवढंच कळलं: अडकलेल्या लेखकाला दरवेळी सल्ला लागतोच असं नाही. ‘पुढे काय झालं रे?’ असं खरोखर विचारणारं कुणीतरी लागतं.

मी एका मैत्रिणीला सांगून ठेवलंय, दर रविवारी दोन पानं वाचून दाखवणार. कच्ची असली तरी. तुम्ही कुणाला वाचून दाखवताय? आणि त्याहून महत्त्वाचं, तुम्ही कुणाचं ऐकताय?

भेटू पुढच्या भागात!