शाळेची खोली आणि मतदान

मतदान शाळेंत कां होतें, या साध्या प्रश्नामागें इतिहास आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत सुमारें १७ कोटि ३२ लक्ष मतदार होते. इतक्यांना पुरेल अशी, कोणा उमेदवाराच्या अंकित नसलेली, गांवोगांवची वास्तु म्हणजे बहुधा शाळाच. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १६० व्या कलमानें मतदानासाठीं जागा ताब्यांत घेण्याचा अधिकारहि दिला. पुढें पेटीच्या जागीं यंत्र आलें. खोली तीच राहिली.

खोलीबरोबर गुरुजीहि गेले. शिक्षकांना हें काम सुट्टीच्या वा अध्यापन नसलेल्या दिवशीं द्यावें, असें सर्वोच्च न्यायालयानें २००७ सालीं सांगितलें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें मात्र निवडणुकीच्या कामास मुभा ठेविलीच.

कुटुंबाची ओढाताण निराळी. १९९६ पासून मतदानाच्या दिवशीं नोकरदारांस भरपगारी सुट्टी मिळते. आदल्या दिवशीं नाहीं. त्या दिवशीं बाकें हलतात, वर्ग बंद होतात, आणि कामावर जाणाऱ्या आईनें मूल कोणाच्या हवालीं करावें, हें कोणताच कायदा सांगत नाहीं. मतदान शाळेंतच व्हावें. पण शनिवारीं तयारी आणि रविवारीं मतदान झालें, तर सोमवारीं फळा पुन्हां मुलांचा होईल.