रिकाम्या कप्प्यांचा इतिहास

फोनवर ‘स्टोरेज फुल’ झळकलं की आपण काय करतो? आधी व्हॉट्सअ‍ॅपवरचे गुड मॉर्निंगचे फोटो उडवतो, मग जुने व्हिडिओ, आणि शेवटी नाइलाजाने क्लाउडचे दरमहा पैसे भरायला लागतो. काही वर्षांपूर्वी आणखी एक सोपा मार्ग होता. दुकानातून मायक्रोएसडी कार्ड आणायचं आणि फोनच्या खाचेत सरकवायचं. सॅमसंगने २०१५च्या गॅलॅक्सी एस६मधून ही खाच काढली, पुढच्या वर्षी एस७मध्ये परत दिली आणि २०२१च्या एस२१मध्ये पुन्हा काढून घेतली.

ही देवघेव फोनपासून सुरू झालेली नाही. टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये ती जवळजवळ पन्नास वर्षं चालू आहे. डब्यात आणखी डिस्क बसवायला जागा ठेवायची का, आणि ठेवली तर किती? एकट्या अ‍ॅपलनेच या प्रश्नाचं उत्तर इतक्या वेळा बदललंय की तिचे डबे ओळीने मांडले तरी सगळा वाद समोर येतो.

आठ की दोन?

१९७७ साली अ‍ॅपल टू बाजारात आला. त्याचं झाकण हाताने उचलता यायचं आणि आत आठ स्लॉट होते. स्टीव्ह वॉझ्नियाकने पुढे सांगितलेल्या आठवणींनुसार स्टीव्ह जॉब्जला दोनच हवे होते. एक प्रिंटरसाठी, एक मोडेमसाठी. सामान्य माणसाला आणखी काय लागणार? वॉझ्नियाक आठवर अडून बसला आणि त्याचंच चाललं.

गंमत अशी, की तेव्हा या मशीनला डिस्कच नव्हती. प्रोग्रॅम साठवायचे ते साध्या कॅसेटवर, गाणी ऐकायच्या टेपरेकॉर्डरने. वर्षभरात, १९७८मध्ये, वॉझ्नियाकनेच डिस्क टू हा फ्लॉपी ड्राइव्ह तयार केला. त्याचं कार्ड बसलं ते याच रिकाम्या स्लॉटपैकी एकात, आणि एका कार्डावर दोन ड्राइव्ह चालायचे. १९८०मध्ये मायक्रोसॉफ्टने एक कार्ड काढलं, ज्यावर चक्क दुसरा प्रोसेसर होता. १९७७ साली यातलं काहीच अस्तित्वात नव्हतं. जागा मात्र होती. अ‍ॅपल टूचं घराणं १९९३पर्यंत विकलं गेलं, त्यात या मोकळ्या जागेचा वाटा मोठा आहे.

रिकाम्या स्लॉटचा अर्थ इथे कळतो. बनवणारा गिऱ्हाइकाला सांगत असतो: ‘उद्या तुला काय लागेल ते मला माहीत नाही, म्हणून थोडी जागा सोडतोय.’

जागा असून भागत नाही

१९८१चा आयबीएम पीसी याच वाटेने गेला. आत पाच स्लॉट, पुढच्या बाजूला दोन फ्लॉपी ड्राइव्हची जागा. सीगेटने १९८०मध्येच ५ मेगाबाइटची हार्डडिस्क काढली होती आणि ती नेमकी फ्लॉपी ड्राइव्हच्या मापाची होती. मग एक फ्लॉपी काढून तिथे ती बसवली की झालं, असं वाटेल. पण पीसीचा पॉवर सप्लाय होता ६३.५ वॉटचा. फिरणाऱ्या हार्डडिस्कचा भार त्याला पेलणारा नव्हता. १९८३मध्ये आयबीएमने एक्सटी आणला तेव्हा १० मेगाबाइटच्या डिस्कबरोबर स्लॉट आठ केले आणि पॉवर सप्लाय १३० वॉटचा दिला.

कप्पा दिसला म्हणजे सोय झाली, असं नसतं. डिस्कला वीज लागते, जोडणी लागते आणि तिची उष्णता बाहेर काढणारी हवाही लागते. यातलं एक कमी पडलं, तर बाकीचं असून नसल्यासारखं.

बंद पेटी

वॉझ्नियाकपुढे हरलेली बाजी जॉब्जने १९८४मध्ये जिंकली. पहिल्या मॅकिंटॉशमध्ये एकही स्लॉट नव्हता. मेमरी १२८ किलोबाइट, एक फ्लॉपी ड्राइव्ह ४०० किलोबाइटचा, आणि पेटीचे स्क्रू असे की घरातल्या पेचकसाने निघू नयेत. मालकाने आत हात घालायचाच नाही, हा त्यामागचा विचार. त्याला एक बाजू होतीच. काही जोडायचं नाही म्हणजे काही बिघडायचं नाही, आणि प्रत्येक मॅक दुसऱ्या मॅकसारखाच. पण एका फ्लॉपीवरून दुसरीवर नक्कल करायची तर त्या एकाच खाचेत दोघी आलटून पालटून घालत बसावं लागे.

लोकांनी मग भिंतीला भोक पाडलं. मिस पॅकमॅन हा गेम बनवणाऱ्या जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशनने १९८५मध्ये हायपरड्राइव्ह नावाची १० मेगाबाइटची हार्डडिस्क काढली. ती मॅकच्या पोटात बसायची. डिस्कसाठी आत जोडणीच नव्हती, म्हणून तिचं सर्किट थेट प्रोसेसरलाच जोडलेलं असायचं! त्याच वर्षी जॉब्ज अ‍ॅपलमधून बाहेर पडला. १९८६च्या मॅक प्लसला बाहेरून डिस्क जोडायला स्कझी पोर्ट मिळालं आणि १९८७च्या मॅकिंटॉश टूमध्ये सहा स्लॉट आणि हार्डडिस्कची जागा आली. तीन वर्षांत कंपनी उलट टोकाला पोचली होती.

चार, दोन, चार, शून्य

पुढे हे आकडे लंबकासारखे हलत राहिले. २००२च्या पॉवर मॅक जी४मध्ये चार हार्डडिस्क मावत. २००३चा जी५ आकाराने धिप्पाड, पण त्यात जागा फक्त दोन डिस्कना. बाकीचा डबा प्रोसेसर थंड ठेवण्यातच खर्च झाला होता. आत नऊ पंखे होते. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांना हे परवडणारं नव्हतं.

२००६च्या मॅक प्रोमध्ये अ‍ॅपलने जवळपास त्याच आकाराच्या डब्यात चार कप्पे बसवले. डिस्क एका पट्टीला चार स्क्रूंनी लावायची आणि ड्रॉवरसारखी आत ढकलायची, वायर एकही नाही. सुरुवातीला ५०० गिगाबाइटच्या चार डिस्क घालून २ टेराबाइट व्हायचे. डिस्क मोठ्या होत गेल्या तसतसं तेच मशीन, तेच कप्पे, मोठं होत गेलं.

आणि मग २०१३ साली हाच मॅक प्रो काळ्या, चकचकीत नळकांड्याच्या रूपात आला. उंची सुमारे २५ सेंटिमीटर. हार्डडिस्कचे कप्पे शून्य. आत एक फ्लॅश स्टोरेज, जास्तीत जास्त १ टेराबाइटचं. ज्याला आणखी हवं त्याने बाहेर जोडावं, त्यासाठी सहा थंडरबोल्ट पोर्ट आणि एकूण ३६ उपकरणांची मुभा. मशीन देखणं होतं, पण त्याच्याभोवती टेबलावर डिस्कचे डबे, त्यांच्या वायरी आणि प्रत्येकाचं वेगळं अ‍ॅडॅप्टर जमा झालं. डब्यातला पसारा डब्याबाहेर आला, एवढंच.

एप्रिल २०१७मध्ये अ‍ॅपलच्या वरिष्ठांनी मोजक्या पत्रकारांना बोलावून मान्य केलं, की ही रचना उष्णतेच्या बाबतीत कोपऱ्यात अडकली होती. दोन मध्यम ग्राफिक्स कार्डांचा जमाना येईल असा त्यांचा होरा होता. जग एकाच मोठ्या कार्डाकडे गेलं, आणि नळकांड्यात त्याला जागा नव्हती. २०१९चा मॅक प्रो पुन्हा मोठा डबा होता, आठ स्लॉटसह. पण त्याचं मूळ एसएसडी अ‍ॅपलच्याच टी२ चिपशी बांधलेलं. २०२२च्या मॅक स्टुडिओत एसएसडी मॉड्यूल काढता येतं, पण त्याचा कंट्रोलर मुख्य चिपमध्ये असल्याने बाजारातलं नेहमीचं एसएसडी तिथे चालत नाही. दार आहे, किल्ली कंपनीकडे.

आपल्याकडचा ‘सीपीयू’

आयबीएमच्या उघड्या डब्याची नक्कल जगभर झाली आणि तिच्याच पोटी आपला ‘असेंबल्ड पीसी’ जन्मला. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली ही त्याची माहेरघरं. अख्ख्या डब्याला आपण ‘सीपीयू’ म्हणत आलो, पण त्यात काय घालता येतं हे मात्र नीट शिकलो: यंदा डिस्क, पुढच्या दिवाळीला रॅम. एकरकमी महागडं मशीन न परवडणाऱ्या घरांसाठी रिकामा कप्पा ही हप्त्यांची सोय होती, बिनव्याजी.

आज त्या डब्यातले हार्डडिस्कचे मोठे कप्पे कमी होत चाललेत. काचेच्या कॅबिनेटमधून रंगीत पंखे जास्त दिसतात. त्यांची जागा मदरबोर्डवरच्या एम.२ स्लॉटनी घेतली. पण आयबीएमचा ६३.५ वॉटचा धडा इथेही लागू आहे. बऱ्याच बोर्डांवर विशिष्ट एम.२ स्लॉट भरला की साटाचे एक-दोन पोर्ट बंद पडतात, कारण दोघांची वाट एकच असते. जाहिरातीत दोन्ही मोजलेले असतात. म्हणून खरेदीआधी मॅन्युअलमधलं ते कंटाळवाणं कोष्टक वाचणं हाच खरा हिशोब.

बंद डबा प्रत्येक वेळी फसवणूक असतो, असंही नाही. तो लहान असतो, शांत असतो, आणि अनेकांना आयुष्यभर दुसरी डिस्क लागत नाही. फरक इतकाच, की बंद डब्यात उद्याचा अंदाज खरेदीच्या दिवशीच बांधावा लागतो आणि त्याची किंमत कंपनी ठरवते. हा अंदाज १९८४ला चुकला आणि २०१३लाही, तोही तो बांधणं हाच ज्यांचा धंदा होता त्यांचा. दुकानात ‘२५६ की ५१२?’ असं विचारतात तेव्हा तोच अंदाज आपल्याला दोन मिनिटांत बांधायला सांगितलेला असतो.