इराण : पहलवी राजवटीचा अस्त आणि धर्मगुरूंच्या सत्तेचा उदय

इराणमध्ये पहलवी घराण्याने १९२५ ते १९७९ या काळात राज्य केले. रेल्वे, विद्यापीठे, न्यायालये, कारखाने आणि मोठे सैन्य या घराण्याने उभे केले. मात्र स्वतंत्र पक्ष, संसद आणि वृत्तपत्रे यांना मूळ धरू दिले नाही. त्यामुळे राजसत्ता डळमळली तेव्हा गावोगाव माणसे असलेली आणि स्वतःच्या पैशावर चालणारी एकच यंत्रणा शाबूत होती, ती मशिदींची.

शियापंथी उलेमांचे बळ राजाच्या मर्जीवर अवलंबून नव्हते. भाविकांकडून येणारा खुम्स हा धार्मिक कर, वक्फ जमिनींचे उत्पन्न आणि बाजारातल्या व्यापाऱ्यांशी असलेले नातेसंबंध यांवर त्यांचे मदरसे चालत. पहलवींच्या आधीच्या काजार राजवटीने १८९० मध्ये तंबाखूचा मक्ता एका इंग्रजाला दिला, तेव्हा धर्मगुरू मिर्झा शिराझी यांच्या नावाने निघालेल्या फतव्यावरून लोकांनी धूम्रपान सोडले आणि शहाला मक्ता रद्द करावा लागला. १९०६ च्या घटनाक्रांतीत मात्र उलेमांमध्ये फूट पडली. घटनावाद्यांना कडवा विरोध करणारे शेख फजलुल्ला नूरी यांना १९०९ मध्ये फाशी देण्यात आली.

कोसॅक दलाचा अधिकारी रझा खान याने फेब्रुवारी १९२१ मध्ये लष्करी उठाव केला. १९२४ मध्ये त्याने तुर्कस्तानच्या धर्तीवर प्रजासत्ताकाचा विचार मांडला. प्रजासत्ताक म्हणजे अतातुर्कसारखी धर्मावर कुऱ्हाड, या भीतीने उलेमांनीच त्याला विरोध केला. पुढच्या वर्षी मज्लिसने, म्हणजे संसदेने, काजारांना पदच्युत केले आणि रझा खान शहा झाला. पुढे राजेशाही मोडणाऱ्या वर्गाने तेव्हा राजेशाहीचाच आग्रह धरला होता.

नव्या राजवटीने इस्लामपूर्व इराणचा गौरव सुरू केला आणि त्याचे पडसाद मुंबईत उमटले. दिनशा इराणी यांच्यासारख्या पारशी पुढाऱ्यांनी इराणशी संबंध वाढवले. पहिला फारसी बोलपट ‘दुख्तर-ए-लूर’ १९३३ मध्ये मुंबईच्या इम्पीरियल फिल्म कंपनीने काढला. त्यातले नायक-नायिका दरोडेखोरांच्या राज्यातून पळून मुंबईला येतात आणि नव्या सरकारने सुव्यवस्था आणल्याचे कळताच मायदेशी परततात.

प्रत्यक्षात ही सुव्यवस्था दंडुक्याची होती. न्यायदान आणि दस्तनोंदणी धर्मगुरूंच्या हातून काढून घेण्यात आली. पुरुषांना पाश्चात्त्य पोशाखाची सक्ती झाली. त्याविरुद्ध १९३५ मध्ये मशहदच्या गोहरशाद मशिदीत जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, तर जानेवारी १९३६ मध्ये स्त्रियांच्या पडद्यावर बंदी आली. १९४१ मध्ये ब्रिटन व सोव्हिएत रशियाने इराण व्यापला आणि रझा शहाला पदत्याग करावा लागला.

त्याचा मुलगा महंमद रझा याचे आसन १९५३ पर्यंत अस्थिर होते. पंतप्रधान मोसादेक यांनी १९५१ मध्ये तेलाचे राष्ट्रीयीकरण केले. ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिका व ब्रिटनच्या गुप्तचर संस्थांनी घडवलेल्या उठावात त्यांचे सरकार उलथले. १९५७ मध्ये ‘सावाक’ ही गुप्त पोलीस यंत्रणा आली आणि राष्ट्रवादी व डाव्या संघटना चिरडल्या गेल्या.

जानेवारी १९६३ मध्ये शहाने जमीनसुधारणा, स्त्रियांना मतदान आणि साक्षरता दल यांचा समावेश असलेली ‘श्वेतक्रांती’ जाहीर केली. जमीनदारांचे वर्चस्व संपले, पण अनेक कुटुंबांच्या वाट्याला पोट भरण्याइतकीही जमीन आली नाही. ती तेहरानच्या दक्षिण वस्त्यांत आली आणि तिथे मशिदी व मोहरमच्या मंडळ्या त्यांचा आधार झाल्या. या धोरणावर आणि अमेरिकेच्या प्रभावावर कोमचे धर्मगुरू रुहुल्ला खोमेनी यांनी उघड टीका केली. जून १९६३ मध्ये त्यांच्या अटकेवरून दंगली उसळल्या. नोव्हेंबर १९६४ मध्ये त्यांना हद्दपार करण्यात आले. इराकमधील नजफ येथे १९७० मध्ये दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी ‘विलायत-ए-फकीह’चा सिद्धान्त मांडला. बाराव्या इमामाच्या अनुपस्थितीत राज्य करण्याचा अधिकार धर्मशास्त्रज्ञाचा आहे, असे त्याचे सूत्र होते. शियांच्या अनेक ज्येष्ठ विद्वानांना ते मान्य नव्हते.

१९७३ नंतर तेलाचे भाव चौपट झाले. पैशाच्या पुराबरोबर महागाई आली. नफेखोरीविरोधी मोहिमेत दुकानदारांना दंड व तुरुंगवास झाल्याने बाजार दुखावला. १९७५ मध्ये ‘रस्ताखीज’ हा एकच पक्ष उरला आणि १९७६ मध्ये हिजरी सौर कालगणनेऐवजी सायरसपासूनची शाही कालगणना लादण्यात आली.

७ जानेवारी १९७८ रोजी ‘इत्तेलाआत’ या दैनिकात खोमेनींची निंदा करणारा लेख आला. त्यांचे आजोबा अवधमधील किंतूर गावचे होते. त्याचाच आधार घेऊन त्यांना परके ठरवले होते. कोममध्ये निदर्शने झाली आणि गोळीबारात माणसे मेली. मृतांच्या चाळिसाव्याला तबरीझमध्ये, तिथल्या मृतांच्या चाळिसाव्याला यझदमध्ये लोक रस्त्यावर आले. दुखवट्याची प्रथाच आंदोलनाचे वेळापत्रक झाली. भाषणांच्या कॅसेट मशिदींतून पसरल्या. ऑगस्टमध्ये आबादानच्या रेक्स चित्रपटगृहातील आगीत चारशेहून अधिक लोक दगावले आणि लोकांनी दोष सरकारला दिला. ८ सप्टेंबरला तेहरानच्या जाले चौकात सैन्याने गोळीबार केला. तेलकामगारांच्या संपाने राजवटीची नाडीच तुटली. १६ जानेवारी १९७९ रोजी शहाने देश सोडला, १ फेब्रुवारीला खोमेनी परतले आणि ११ फेब्रुवारीला सैन्याने तटस्थता जाहीर केली.

क्रांतीत उदारमतवादी, डावे, स्त्रिया आणि विद्यार्थी असे सारेच होते. मार्चअखेरच्या सार्वमताने इस्लामी प्रजासत्ताक मंजूर झाले. राज्यघटनेच्या पहिल्या मसुद्यात फकीहाची सत्ता नव्हती. धर्मगुरूंचे बहुमत असलेल्या तज्ज्ञसभेने ती घातली. ४ नोव्हेंबरला विद्यार्थ्यांनी अमेरिकी दूतावास ताब्यात घेतल्यावर पंतप्रधान बाझरगान यांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरमध्ये राज्यघटना संमत झाली. जून १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बनीसद्र यांना पदावरून दूर करण्यात आले. इराकशी १९८० ते १९८८ चाललेल्या युद्धाच्या काळात उरलेले विरोधकही संपवण्यात आले.

खोमेनी यांचे जून १९८९ मध्ये निधन झाले. सर्वोच्च नेता ‘मरजा’ या श्रेष्ठ दर्जाचा विद्वान असावा, ही अट त्याच वर्षी राज्यघटनेतून काढण्यात आली आणि तो दर्जा नसलेले अली खामेनी त्या पदावर आले. विद्वत्तेच्या अधिकारावर उभी राहिलेली सत्ता यापुढे पदाच्या अधिकारावर चालू लागली.