फिरंग्याच्या वाड्यातले मौलवी

आपल्याकडे गाव सुटलं की आडनावाला 'कर' चिकटतो. लखनौच्या एका मौलवी घराण्याला मात्र परक्याच्या घराचं नाव चिकटलं: फिरंगीमहली.

घराणं आपली वंशावळ मदिनेपर्यंत नेतं. ६२२ साली मक्का सोडून आलेले पैगंबर ज्यांच्याकडे उतरले, ते अबू अय्यूब अन्सारी मूळपुरुष. मध्ये हेरातचे सूफी ख्वाजा अब्दुल्ला अन्सारी. एवढ्या लांबच्या साखळीची कडी न् कडी कोण वाजवून बघणार? पाय जमिनीला टेकतात ते बाराबंकीकडच्या सिहाली गावात. तिथे मुल्ला कुतुबुद्दीन शिकवत. १६९२ साली जमिनीच्या भांडणातून त्यांचा खून झाला. घर पेटवलं गेलं, ग्रंथांची राख झाली. औरंगजेब तेव्हा दक्षिणेत मराठ्यांच्या मागे लागलेला. त्यानं मुल्लांच्या मुलांना लखनौच्या चौकातला वाडा फर्मान काढून दिला. वाडा पूर्वी एका युरोपीय व्यापाऱ्याचा, पुढे सरकारजमा झालेला. मालक गेला, नाव राहिलं, आणि त्याच नावानं पुढे मौलवी ओळखले जाऊ लागले!

कुतुबुद्दीनांचे तिसरे चिरंजीव निजामुद्दीन यांनी (मृत्यू १७४८) अभ्यासक्रमाची घडी बसवली. तोच दर्स-ए-निजामी. त्यात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञानावर भर. एकेका विषयाचे एकदोनच ग्रंथ, पण निवडून काढलेले अवघड. ते पचले की बाकीचे आपले आपण वाचता यावेत. धर्माच्या शिक्षणात एवढा तर्क कशाला? तर याच मुलांतून दरबाराला काझी आणि कारभारी मिळायचे. पुढे देवबंदच्या मदरशानं हाच साचा उचलला, पण तिथे हदीसचं, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचं, पारडं जड झालं.

खुद्द वाड्यात मदरसा निघाला तो थेट १९०५ साली. तोवर शिकवणं घरातच: काका पुतण्याला, सासरा जावयाला. निजामुद्दीनांचे चिरंजीव अब्दुल अली मात्र लखनौबाहेर पडले, रामपूर, बंगाल करत मद्रासला अर्काटच्या नवाबाच्या आश्रयाला गेले आणि तिथेच १८१० साली वारले. विद्वत्तेमुळे लोक त्यांना 'बहरुल उलूम', विद्यांचा सागर, म्हणत.

मदरसा काढणारे मौलाना अब्दुल बारी खिलाफत चळवळीतले बडे पुढारी. गांधीजी लखनौला आले की त्यांच्याकडे उतरत. पाहुण्यासाठी मौलाना ब्राह्मण आचारी बोलावून घेत.