डोळ्यांचा दाखला, त्वचेचा प्रश्न

आल्बिनिझमग्रस्तांच्या सरकारी आरोग्यसाहाय्याचा अभ्यास करू पाहणाऱ्यांनी पहिले वाचन कायद्याचे करावे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या अनुसूचीत 21 प्रकार आहेत; आल्बिनिझम त्यांत स्वतंत्रपणे नाही. आल्बिनिझम म्हणजे कोड नव्हे. जन्मतःच मेलॅनिन कमी किंवा नसण्याची ही आनुवंशिक स्थिती आहे, आणि सरकारदरबारी तिला जागा मिळते ती अल्पदृष्टी किंवा अंधत्वाच्या रकान्यात.

मेलॅनिन नसल्याने दृष्टिपटलाचा मध्यभाग नीट घडत नाही, डोळे सतत हलतात, चष्मा लावूनही नजर पुरती सुधारत नाही. डोंबिवलीच्या फलाटावर इंडिकेटरच्या अगदी खाली जाऊन गाडी शोधणाऱ्या विद्यार्थ्याला नुसता चष्म्याचा नंबर बदलून देऊन भागत नाही. दिव्यांगत्वाच्या दाखल्याचे गणित मात्र अक्षरांच्या तक्त्यावर चालते. चष्म्यासह चांगल्या डोळ्याची नजर 6/24 ते 6/60 भरली, तर 40 टक्क्यांपासून पुढे दिव्यांगत्व मोजतात; आरक्षण किंवा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज त्यानंतरचा. नजर 6/18 भरली आणि उन्हात डोळे उघडत नसले, तरी तो माणूस रेषेबाहेर. तक्ता सावलीत टांगलेला असतो, हे विसरू नये.

त्वचेची गोष्ट याहून अवघड. उन्हाने भाजणे आणि पुढे त्वचेचा कर्करोग हा आयुष्यभराचा धोका. पण टक्केवारीत त्याला एकही गुण नाही. त्यातून आपल्याकडे सनस्क्रीन कायद्याने सौंदर्यप्रसाधन ठरते. टांझानियात मोशीच्या त्वचारोग प्रशिक्षण केंद्रात ते खास या लोकांसाठी बनवून मोफत वाटतात. माझ्या मते आपल्या धोरणाचा खरा तुटवडा इथे आहे, दाखल्यांत नव्हे.

अभ्यासकाला ठाणे-कल्याण पट्ट्यात पाहण्यासारखे बरेच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके 2013 पासून अंगणवाड्या-शाळांत मुलांचे डोळे तपासतात. कल्याणला रुक्मिणीबाई, डोंबिवलीला शास्त्रीनगर ही पालिकेची रुग्णालये आहेत. तरी सुरुवात कळव्याहून करावी. तिथल्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. नेत्र विभागात आलेल्या आल्बिनिझमग्रस्त मुलाला त्वचा विभागाची चिठ्ठी मिळते का, हे तिथल्या ओपीडीत बसून नोंदवता येईल.