घरगुती फायबर जोडणी आणि राउटर निवडीचे स्वातंत्र्य : जर्मनीच्या संदर्भात ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

घरापर्यंत आलेल्या ऑप्टिकल फायबरच्या टोकाला कोणते राउटर जोडावे, हा प्रश्न वरवर पाहता खरेदीपुरता मर्यादित वाटतो. वस्तुतः सेवापुरवठादाराचे जाळे कोठे संपते आणि ग्राहकाचा अधिकार कोठे सुरू होतो, हा त्यामागील मूळ प्रश्न होय. जर्मनीमध्ये या प्रश्नाचा निर्णय कायद्याने करावा लागला. प्रस्तुत लेखात त्या वाटचालीचा आढावा घेऊन राउटर निवडीच्या संदर्भात तिचे महत्त्व स्पष्ट केले आहे.

मक्तेदारीकडून सक्तीकडे

पश्चिम जर्मनीत टपाल व दूरध्वनी ही दोन्ही कामे बुंडेसपोस्ट या सरकारी यंत्रणेकडे होती व दूरध्वनी उपकरणांवरही तिचीच मक्तेदारी होती. अमेरिकेत १९६८ च्या 'कार्टरफोन' निर्णयाने ग्राहकाला स्वतःचे उपकरण जोडण्याचा मार्ग खुला झाला. जर्मनीत मात्र उपकरणांवरील मक्तेदारी संपुष्टात येण्यास १९९० साल उजाडावे लागले.

इंटरनेटच्या प्रसाराबरोबर हीच मक्तेदारी नव्या रूपात परतली. राउटर हा आपल्याच जाळ्याचा भाग आहे, अशी भूमिका घेऊन काही कंपन्या जोडणीसाठी लागणारा संकेतशब्द ग्राहकास देत नसत. जर्मनीत ही प्रथा 'राउटरसक्ती' या नावाने ओळखली गेली. १ ऑगस्ट २०१६ पासून लागू झालेल्या कायद्याने ती रद्द केली. जाळे भिंतीवरील निष्क्रिय जोडबिंदूपाशी संपते, असे त्यात ठरविण्यात आले; तसेच जोडणीची आवश्यक माहिती ग्राहकाने न मागताही विनामूल्य देण्याचे बंधन कंपन्यांवर आले.

फायबरचा वेगळा प्रश्न

तांब्याच्या तारेवर स्थिरावलेले हे तत्त्व फायबरला लागू करताना नवा वाद उद्भवला. २००३ पासून मान्यता पावलेल्या जीपॉन पद्धतीत एकच फायबर विभाजकाद्वारे अनेक घरांमध्ये वाटला जातो. घराकडे येणारी सुमारे २.५ गिगाबिट व घरातून जाणारी सुमारे १.२५ गिगाबिट क्षमता सर्वांमध्ये सामायिक असते. प्रत्येक उपकरणाने आपल्याला नेमून दिलेल्या क्षणीच प्रकाश पाठवावयाचा असतो. एखादे सदोष उपकरण सतत प्रकाश पाठवू लागल्यास शेजाऱ्यांचीही सेवा खंडित होऊ शकते. या कारणास्तव अशा जाळ्यांना कायद्यातून वगळावे, अशी मागणी कंपन्यांच्या संघटनांनी केली. ही शंका निराधार नव्हती. तथापि नियामक संस्थेने २०२५ मध्ये अपवाद देण्यास नकार दिला व निवडीचे स्वातंत्र्य कायम ठेवले.

निवडीचे व्यावहारिक निकष

स्वातंत्र्य मिळाले तरी योग्य निवडीची जबाबदारी ग्राहकावरच येते. राउटरला एसएफपी पोर्ट आहे, एवढ्यावरून तो कोणत्याही फायबरला जोडता येईल, असे मानणे चुकीचे आहे. ते पोर्ट म्हणजे केवळ रिकामा कोनाडा असून, त्यात बसवावयाचे मॉड्यूल जाळ्याच्या पद्धतीशी जुळणे अनिवार्य असते. प्रत्येक घराला स्वतंत्र फायबर असलेले जाळे, जीपॉन व दोन्ही दिशांना १० गिगाबिट क्षमतेची एक्सजीएस-पॉन या तिन्हींसाठी वेगवेगळी मॉड्यूल लागतात. फायबरच्या टोकावरील जोडणीचा प्रकारही जुळावा लागतो. जीपॉनमध्ये मॉड्यूलचा अनुक्रमांक कंपनीकडे नोंदविल्याशिवाय सेवा सुरू होत नाही. जेथे ही नोंद करून मिळत नाही, तेथे कंपनीचे प्रकाश-रूपांतरक उपकरण तसेच ठेवून त्यापुढे इथरनेट तारेने स्वतःचा राउटर जोडणे हाच सोयीचा मार्ग ठरतो.

निष्कर्ष

दूरध्वनी संचापासून फायबर राउटरपर्यंतच्या या प्रवासात तंत्रज्ञान बदलले, परंतु वाद तोच राहिला. प्रत्येक नव्या माध्यमाबरोबर सुरक्षिततेचे कारण पुढे करून उपकरणावरील नियंत्रण कंपन्यांनी आपल्याकडे ठेवू पाहिले व प्रत्येक वेळी जाळ्याची सीमा नव्याने आखावी लागली. तात्पर्य, राउटरच्या पाठीमागील ते लहानसे पोर्ट उपयोगात आणता येणे हे जितके तंत्रज्ञानावर, तितकेच या सीमेवर अवलंबून आहे.